वऱ्हाडातील चूल आणि तिची डागडुजी

महोत्सवी ग्रंथात मंदिरांचा, शाळांचा आणि पूर्वसूरींचा इतिहास यावयाचा, हे रीतीस धरूनच आहे. त्या पंक्तीत मातीच्या चुलीस बसविलेली पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल, काहींस कदाचित हसूही येईल. परंतु ज्या घरांतून हा ग्रंथ वाचला जाईल त्यांपैकी बहुतेकांच्या दोन-तीन पिढ्या मागे जाऊन पाहिल्यास असे दिसेल की, त्या घरांतील स्त्रियांच्या आयुष्याचा फार मोठा भाग चुलीपुढे गेला. आणि त्यातलाही काही भाग रांधण्यात नव्हे, तर चूल नीट राखण्यात गेला. इतिहासकार ह्या श्रमाकडे सहसा वळत नाहीत. म्हणून अमरावती-अकोल्याकडील आमच्या ह्या मुलखात जुनी चूल कशी होती, ती वरचेवर का दुरुस्त करावी लागे, आणि तिच्या जागी नवी बसविण्याचे जे प्रयत्न गेल्या पाऊणशे वर्षांत झाले त्यांचे पुढे काय झाले, हे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

चुलीचा विचार करावयाचा तर आधी सरपणाचा केला पाहिजे. लायल साहेबांनी १८७० साली वऱ्हाडचे जे गॅझेटिअर सिद्ध केले त्यात ह्या प्रांताचे तीन भाग सांगितले आहेत. उत्तरेस सातपुड्याच्या रांगांतील मेळघाट, मध्ये पूर्णा नदीच्या खोऱ्यातील सपाट पयनघाट, आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगरांवरील बालाघाट. अमरावती आणि अकोला ही दोन्ही शहरे पयनघाटात येतात. येथील काळी जमीन कापसास जितकी मानवते तितकी झाडांस मानवत नाही. नाल्याकाठची बाभूळ, गावाजवळचा निंब आणि विहिरीवरची चार आंब्याची झाडे वगळली, तर कोसच्या कोस उघडे रान. त्यातच १८६१ ते १८६५ ह्या वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथून विलायतेस जाणारा कापूस अडला, आणि वऱ्हाडच्या कापसास सोन्याचे मोल आले. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ वऱ्हाडातून गेले. खामगावची शाखा १८७० साली लॉर्ड मेयो ह्यांच्या हस्ते उघडण्यात आली. मग पडीक जमिनीवर नांगर फिरत गेला आणि कापसाचा पेरा वाढत गेला.

ह्या सर्वांचा चुलीशी संबंध असा की, लाकूड दुर्मिळ झाले आणि पऱ्हाटी मुबलक झाली. वेचणी संपली की शेतातली पऱ्हाटी उपटावी, भारे बांधून घरी आणावी आणि परसात रचून ठेवावी, हा वऱ्हाडातील घराघरांचा उन्हाळ्यातील उद्योग ठरला. जोडीस तुरीच्या तुराट्या आणि शेणाच्या गोवऱ्या. मँचेस्टरच्या गिरण्यांस लागणाऱ्या कापसाने आमच्या स्वयंपाकघरातील जाळाची जात ठरविली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. ही जात मोठी हट्टी. पऱ्हाटी चटकन पेटते, तिची ज्वाला उंच उठते, आणि पाहता पाहता विझते. निखारा म्हणावा तसा राहत नाही. म्हणून चुलीपुढून उठण्याची सोय नाही. एका हाताने भाकरी थापावी, दुसऱ्या हाताने काड्या पुढे सारीत राहावे. गोवरी ह्याच्या उलट, सावकाश जळणारी. परंतु तिचा धूर विचारू नये. ह्या दोहोंचा मेळ घालून जाळ राखणे ही एक विद्याच होती, आणि ती शाळेत शिकविली जात नसे.

आता चूल. तिचा आकार सर्वांच्या परिचयाचा आहे. समोर तोंड, बाजूस दोन भिंती, वर भांडे टेकावयास उंचवटे. बरी परिस्थिती असलेल्या घरी तिच्या शेजारी वैल असावयाचा, म्हणजे मुख्य चुलीतील उरलेली आच जेथे जाते असे दुसरे भोक. त्यावर वरण शिजत राही किंवा पाणी तापे. मागे भानवस, त्यावर मीठ-मिरचीची भांडी. परंतु ही चूल कशाची घडवावयाची, हा वऱ्हाडात सोपा प्रश्न नव्हता. शेतातील काळी माती ओली असता फुगते, वाळली की आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जी माती उन्हाने अशी उलते ती जाळापुढे कशी टिकावी? म्हणून जाणत्या बाया गावठाणातील जुन्या पांढरीची माती आणीत. तीत कुटार मिसळीत, कोठे घोड्याची किंवा गाढवाची लीद मिसळीत, ती भिजवून, तुडवून, दोन-चार दिवस मुरू देत, आणि मग चूल घालीत. काडीकचरा आणि लीद ह्यांतील धागे मातीस बांधून ठेवतात. ते जळून गेले की त्यांच्या जागी बारीक पोकळी राहते आणि माती तापली तरी एकदम तडकत नाही. विटांच्या भट्टीवरील कारागीर जे तत्त्व जाणतो तेच हे. आमच्या आज्या-पणज्यांनी त्यास तत्त्व हे नाव दिले नव्हते, इतकेच.

एवढे करूनही चूल वर्षानुवर्षे टिके असे नाही. दररोज दोन वेळा ती तापते आणि निवते. उतू गेलेले पाणी, दूध तापलेल्या भिंतीवर पडते. भरलेले हंडे तिच्यावर ठेवले जातात. पावसाळ्यात जमिनीची ओल खालून चढते. कडा झिजतात, तोंडाशी पोपडे सुटतात, उंचवटा एका बाजूस खचला की तवा कलतो आणि भाकरी एकीकडे करपते. म्हणून सकाळी राख काढल्यावर पोतेऱ्याने चूल सारवणे, भेग दिसताच ओल्या मातीचा लपका देणे, सणासुदीस तिला नव्याने लिंपणे, आणि अगदीच मोडकळीस आली की फोडून त्याच जागी, बहुधा त्याच मातीत नवी माती मिसळून, दुसरी घालणे असा क्रम चाले. यंत्रे विकणाऱ्यांच्या भाषेत हा वारंवार बिघडणारा जिन्नस ठरेल. परंतु त्यास लागणारा माल फुकट होता, तो दुरुस्त करणारा कारागीर घरातच होता, आणि भेग सकाळी दिसली तर दुपारच्या स्वयंपाकास चूल तयार असे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे ज्या ज्या नव्या चुली आल्या त्यांची परीक्षा ह्याच ठिकाणी झाली.

येथे कोणी असा समज करून घेऊ नये की आम्ही जुन्या चुलीचे स्तोत्र गात आहोत. तिच्यात जळणाऱ्या सरपणाच्या उष्णतेपैकी दहा-पंधरा टक्केच भांड्यास पोहोचते. बाकीची भिंतीत, हवेत आणि रांधणारीच्या तोंडावर जाते. धुराचे तर काय सांगावे! वऱ्हाडातील जुन्या घरांचे स्वयंपाकघर बहुधा आतल्या अंगास, खिडकी असली तर हातभर. तेथे फुंकणीने जाळ फुंकीत बसलेल्या स्त्रियांचे डोळे लाल होणे, त्यांस खोकला जडणे, चाळिशीतच दम लागणे, ह्या गोष्टी इतक्या नित्याच्या होत्या की त्यांस रोग म्हणण्याचेही कोणास सुचत नसे. प्रत्यक्ष मोजणी बऱ्याच उशिराने झाली. कर्क स्मिथ ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने आपल्या भारतीय सहकाऱ्यांसह गुजरातेतील काही खेड्यांत रांधणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर उपकरणे बांधून त्यांच्या श्वासात किती धूर जातो हे मोजले आणि १९८३ साली ते प्रसिद्ध केले. तोपर्यंत हवेचे प्रदूषण म्हणजे गिरण्यांची धुरांडी अशीच विद्वानांची समजूत होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० ह्या एका वर्षात घरातील अशा धुराने जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. चूल बदलावी की नाही हा प्रश्न म्हणजे हौसेचा प्रश्न नव्हता, हे ह्यावरून दिसेल.

बंदिस्त चुलीची कल्पना युरोपात जुनी आहे. अमेरिकेत जन्मलेला आणि बव्हेरियाच्या इलेक्टरच्या पदरी राहिलेला काउंट रम्फर्ड ह्याने १७९० नंतरच्या दशकात म्युनिक येथे गोरगरिबांच्या अन्नछत्रासाठी विटांच्या बंदिस्त चुली बांधल्या, आणि उघडा जाळ भांड्यापेक्षा स्वयंपाकिणीसच अधिक भाजतो असे दाखवून दिले. पुढे तेथे ओतीव लोखंडाच्या चुली घरोघर झाल्या. परंतु त्या थंड देशांत चुलीची उष्णता घरास हवीच असते. वैशाखात अकोल्याचा पारा कोठे चढतो हे ज्यास ठाऊक आहे त्यास त्या लोखंडी धगीचे वर्णन करून सांगावयास नको. आमच्या मुलखास आपला स्वतंत्र उपाय शोधणे प्राप्त होते.

तो शोध आमच्या शेजारीच सुरू झाला. वऱ्हाडची पूर्व सीमा जी वर्धा नदी, तिच्या पलीकडे वर्धा शहरात १९३४ च्या डिसेंबरात स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे ठाणे पडले. जमनालाल बजाज ह्यांनी त्यासाठी आपली बाग दिली, आणि १९२८ साली निवर्तलेले गांधीजींचे पुतणे मगनलाल ह्यांच्या स्मरणार्थ त्या जागेस मगनवाडी हे नाव पडले. संघाचे चिटणीस जो. कॉ. कुमारप्पा हे तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले, हिशेबतपासनिसाचा धंदा सोडून आलेले गृहस्थ. त्यांचा मुख्य सिद्धांत असा की, निसर्गातील काही संपत्ती साठ्याची असते, खाणीतील तेलाप्रमाणे एकदा उपसली की संपते. आणि काही प्रवाहाची असते, झाडाप्रमाणे वा पिकाप्रमाणे पुन्हा पुन्हा येते. खेड्याने आपला संसार प्रवाहाच्या संपत्तीवर उभारावा. ह्याच विचाराने मगनवाडीत रॉकेलऐवजी वनस्पतीच्या तेलावर जळणारा मगनदीप तयार झाला, आणि १९४७ च्या सुमारास मगनचूल.

मगनचूल ही दिसावयास ओटली, असावयास बोगदा. सरपण एका तोंडातून आत जाते. जाळ पहिल्या भांड्याखालून निघून मातीच्या आतल्या वाटेने दुसऱ्या भांड्याखाली जातो, आणि शेवटी धुराड्यातून छपराबाहेर पडतो. म्हणजे आमच्या वैलाचीच ती वाढविलेली आवृत्ती. फरक हा की जो धूर पूर्वी घरात पसरे त्यास बाहेरची वाट दाखविली. सर्व काम मातीचे. पोलाद नाही, परदेशी माल नाही, आणि शिकलेल्या माणसास ती कोठेही घालता येते. आमच्या मते गेल्या शतकातील खेड्यांच्या उपयोगाच्या शोधांत ह्या चुलीस मानाचे पान मिळावयास हवे होते. ते मिळाले नाही, कारण तिच्या आतल्या वाटेचे माप चुकले तर ती धूर बाहेर नेण्याऐवजी घरात परतवते. भांडे भोकावर नीट बसले नाही तरी तोच परिणाम. वाटेत काजळी आणि राख साचते. ती काढण्यास भांडी उतरवून आत हात घालावा लागतो. जुन्या चुलीची भेग दिसे. हिचे दुखणे पोटात असे. ते ओळखावयास शिकविलेला माणूस लागे, आणि असा माणूस मगनवाडीत होता, दर्यापुरात किंवा बाळापुरात नव्हता.

दुसरा प्रयत्न दक्षिणेकडून आला. ज्या हैदराबादच्या निजामाचे नाव वऱ्हाडच्या मालकीस कागदोपत्री अनेक वर्षे जोडलेले होते, त्या हैदराबादेतील अभियांत्रिकी संशोधनशाळेत एस. पी. राजू ह्यांनी धुराडे आणि झडप असलेली मातीची चूल सिद्ध केली. त्यांचे ‘स्मोकलेस किचन्स फॉर द मिलियन्स’ हे पुस्तक १९५३ साली मद्रासच्या ख्रिश्चन लिटरेचर सोसायटीने छापले. पुस्तकाच्या नावातील ‘मिलियन्स’ हा शब्द खरा होण्यास अजून तीस वर्षे जावयाची होती.

मधल्या काळात शहरांनी आपली वाट निराळी धरली. अमरावती-अकोल्याच्या पेठांतील नोकरदार घरांत आधी लोखंडी शेगडी आणि दगडी वा लाकडी कोळसा आला, कोठे लाकडाच्या वखारीतील भुसा दाबून भरलेली शेगडी आली, आणि मग पितळी स्टो. हा स्टो स्टॉकहोमच्या लिंडक्विस्ट ह्या कारागिराने १८९२ साली काढलेल्या प्रायमसची संतती. त्यास तेल भरावे, पंप मारावा, पिनने तोंड मोकळे करावे, आणि निळी ज्योत फुरफुरू लागली की चहा पाच मिनिटांत. चुलीच्या मानाने ही केवढी चैन! परंतु स्टोही बिघडावयाचाच. वायसर सुके, बर्नर काजळे, नळी गळे. तरी तो टिकला, कारण प्रत्येक पेठेत स्टो दुरुस्त करणारा बसलेला असे, आणि वायसर-पिना किराणा दुकानात मिळत. दुरुस्तीची सोय वस्तूच्या मागोमाग गावात आली की ती वस्तू घरात मुरते, ह्याचे इतके सुबक उदाहरण दुसरे नाही. स्टोच्या भडक्याने ज्यांचे पदर पेटले त्यांची गोष्ट मात्र निराळी आणि फार दुःखाची. ती येथे विस्ताराने सांगवत नाही.

खेड्यातील चुलीकडे सरकारचे लक्ष पुन्हा वळले ते तेलाचे भाव भडकल्यावर आणि रान उजाड होत असल्याची ओरड झाल्यावर. १९८२ साली केंद्रात अपारंपरिक ऊर्जेचे खाते निघाले आणि १९८३ च्या अखेरीस सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. उष्णतेपैकी किमान २० टक्के भांड्यास पोहोचवील अशी मातीची बसवावयाची चूल, आणि किमान २५ टक्के पोहोचवील अशी धातूची हलती चूल, अशी मापे ठरली. सरकारने किमतीचा मोठा हिस्सा सोसावा, शिकविलेल्या माणसाने घरोघर जाऊन चूल बसवावी आणि त्यास चुलीमागे मजुरी मिळावी, अशी योजना होती. २००२ साली केंद्राने हा कार्यक्रम आवरता घेतला तोपर्यंत देशात सुमारे साडेतीन कोटी चुली बसविल्या गेल्या. आकडा ऐकून छाती दडपते. परंतु त्यांपैकी पुष्कळशा वर्षा-दोन वर्षांत निकामी झाल्या किंवा अडगळीत पडल्या, हेही तितकेच खरे.

असे का व्हावे? अडाणी लोकांस सुधारणा नको असते, हे उत्तर सोपे आहे आणि चुकीचे आहे. सुधारित चुलीचे तोंड लहान ठेवलेले असे, कारण थोडी हवा आत गेली तरच जाळ बेताचा राहतो. त्या मापास वीतभर लांबीचे, फोडलेले, वाळलेले लाकूड हवे. आमची पऱ्हाटी पुरुषभर लांब, वाकडी, फाटे फुटलेली. ती रोज कोयत्याने तोडीत बसावयास रात्री भाकऱ्या करणाऱ्या बाईस वेळ कोठला? तिने एके दिवशी चुलीचे तोंड फोडून मोठे केले, आणि चुलीचे शास्त्र तेथेच संपले. देशात ठिकठिकाणी झालेल्या पाहण्यांत फोडून रुंद केलेली अशी तोंडे वारंवार आढळली आहेत. दुसरी अडचण धुराड्याची. सिमेंटची नळी तडकली, किंवा माकडाने छपरावरची टोपी पाडली, तर ती नवी कोठून आणावयाची? चूल बसविणाऱ्यास बसविल्याचे पैसे मिळत. पुढे तिच्याकडे पाहावयास कोणी येत नसे. आणि मूळ चूल तर घरच्या बाईनेच घातलेली होती. ही मात्र सरकारची चूल. सरकारच्या वस्तूस हात कसा लावावा, ह्या संकोचाने कित्येकींनी भेगेवर मातीचा लपकाही दिला नाही. पन्नास पिढ्यांची सवय एका अनुदानाने मोडली!

ह्या बाबतीत ओडिशातील एका मोठ्या पाहणीचा निष्कर्ष सांगण्याजोगा आहे. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन आणि रेमा हॅना ह्या अर्थशास्त्रज्ञांनी तेथील खेड्यांत धुराडे असलेल्या मातीच्या चुली घातलेल्या आणि न घातलेल्या कुटुंबांची चार वर्षे तुलना केली. पहिल्या वर्षी नव्या चुलीच्या घरांतील स्त्रियांच्या श्वासातील धूर कमी झालेला दिसला. पुढील वर्षांत तो फरक नाहीसा झाला. चूल प्रयोगशाळेत उत्तम होती. घरात तिची साफसफाई आणि डागडुजी झाली नाही, आणि तिचा वापरही हळूहळू सुटला. हा निबंध २०१२ साली पुढे आला. मगनवाडीच्या बोगद्यातील काजळीनेच तो जणू लिहिला होता.

आणखी एक गोष्ट, जी बाहेरच्या तज्ज्ञांस क्वचितच सुचते. चूल केवळ भाजी शिजविण्याचे साधन नाही. वऱ्हाडातील रोडगे गोवऱ्यांच्या आरात भाजावयाचे असतात. वांग्याच्या भाजीबरोबर ते ज्याने खाल्ले आहेत त्यास बंदिस्त चुलीची गोडी कशी पटवावी? मेळघाटातील कोरकू घरात तर चुलीभोवतीच थंडीचे दिवस जातात. चिखलदऱ्याची उंची अकराशे मीटरांवर आहे आणि पौषात तेथील रात्र बोचरी असते. तेथे धुराचाही उपयोग आहे. छपराच्या वाशांस आणि वर टांगलेल्या बियाण्यास धुरामुळे कीड लागत नाही. धुराडे बसवा आणि धूर बाहेर घालवा, हे सांगणे रास्तच. पण मग बियाणे कशाने राखावे, ह्याचेही उत्तर त्याच दिवशी द्यावयास हवे. १९७४ साली मेळघाट व्याघ्रप्रकल्पाची स्थापना झाल्यापासून रानातून सरपण आणण्यावरही निर्बंध वाढत गेले, म्हणजे कमी लाकडात भागविणारी चूल जेथे सर्वांत निकडीची, तेथेच ती रुजविणे सर्वांत अवघड होऊन बसले.

महाराष्ट्रात ह्या चुकांपासून धडा घेणारे काही लोक निघाले. पुण्याच्या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेने, म्हणजे आरतीने, लक्ष्मी नावाची दोन भांड्यांची धुराड्याची चूल घडविण्यास साचे केले आणि कुंभारांस ते काम शिकविले, जेणेकरून चूल बाजारात पैसे देऊन घ्यावी आणि मोडली तर करणाऱ्यास धरावे. ही दिशा आम्हांस बरोबर वाटते. फुकट मिळालेल्या वस्तूविषयी तक्रार करण्याचीही चोरी असते. विकत घेतलेलीविषयी माणूस भांडतो, आणि भांडणातून वस्तू सुधारते. अकोल्यास १९६९ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठात, ज्यास अमरावतीच्या डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव आहे, अपारंपरिक ऊर्जेचा स्वतंत्र विभाग आहे, आणि शेतातील काडीकचऱ्याचे चांगले इंधन कसे करता येईल हा त्याच्या अभ्यासाचा विषय आहे. पऱ्हाटीच्या मुलखात असा विभाग असणे योग्यच. सुधारणेची गाडी उलट्या बाजूनेही ओढता येते. पऱ्हाटीस चुलीजोगे करावे, किंवा चुलीस पऱ्हाटीजोगे करावे. दुसऱ्या मार्गाने जाणारे मात्र फार थोडे.

अखेर ज्याने जुन्या चुलीस खरोखर बाजूस सारले तो गॅस. मुंबईत १९५५ साली बर्मा शेल कंपनीने बर्शेन ह्या नावाने तो प्रथम विकावयास काढला. १९६५ साली इंडेन आला. अमरावती-अकोल्याच्या मध्यमवर्गीय घरांत त्यासाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, हे आजच्या तरुणांस खोटे वाटेल. खेड्यांत तो मोठ्या प्रमाणावर पोहोचला तो २०१६ च्या १ मे रोजी बलिया येथे सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने. गरीब घरातील स्त्रीच्या नावे जोडणी, हे तिचे सूत्र. तिची आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी आपल्याच राज्यात, तेव्हाच्या औरंगाबादेत, देण्यात आली. तीन वर्षांत झालेले हे काम मोठे आहे, आणि त्याची थट्टा करणाऱ्यांनी कधी गोवरीचा जाळ फुंकून पाहावा.

तथापि देशाच्या महालेखापरीक्षकांनी २०१९ साली जो अहवाल दिला त्यात असे आढळले की, उज्ज्वलेतील ज्या ग्राहकांस जोडणी घेऊन वर्ष उलटले होते त्यांनी वर्षास सरासरी ३.२१ टाक्याच भरून घेतल्या होत्या. चार-पाच माणसांच्या कुटुंबाचा सारा स्वयंपाक एवढ्यात होत नाही. मग उरलेला स्वयंपाक कोठे होतो? परसातल्या चुलीवर. टाकी भरावयास रोख पैसे एकदम मोजावे लागतात, आणि शेतमजुराच्या हाती पैसा हंगामानेच येतो. पऱ्हाटी मात्र दाराशी पडलेली. म्हणून चहा आणि सकाळची घाई गॅसवर, अंघोळीचे पाणी, डाळ आणि भाकरी चुलीवर, अशी वाटणी घराघरांनी आपल्या अकलेने करून घेतली आहे. तिच्यात शहाणपण नाही असे कोण म्हणेल?

अलीकडे पऱ्हाटीवरही संक्रांत आली आहे. २०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने कापसाचा मोठा नाश केला, आणि ही अळी वाळलेल्या पऱ्हाटीतील बोंडांत दडून पुढील हंगामापर्यंत तग धरते, म्हणून पऱ्हाटी शेतात वा बांधावर साठवू नये असे कृषी खाते शेतकऱ्यास सांगू लागले. म्हणजे ज्या ढिगावर घरचे वर्षभराचे सरपण अवलंबून, तोच पिकाचा वैरी ठरला. शेतकऱ्याचे ऐकावे तर सरपण गेले. त्याच्या बायकोचे ऐकावे तर कापूस धोक्यात. हा तिढा सोडविण्यासाठी पऱ्हाटीचा शेतातच भुगा करणारी यंत्रे आली आहेत, आणि हंगाम संपताच ती भाड्याने गावोगाव फिरतात. त्या भुग्यातून शेतास खत मिळते. परसातील चुलीपुढे मात्र त्या वर्षी तुराट्यांचा एक भारा आणि गोवऱ्यांची एक रास एवढेच उरते, आणि तिच्या डाव्या कडेची भेग बुजवावयास पांढरीची माती एका फुटक्या डब्यात भिजत घातलेली असते.